सैल दोर

बुजगावणं हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यातलं ‘बुजणं’ म्हणजे काय असतं ते मला चंद्रीमुळे कळलं. माणूस दचकतो, इकडेतिकडे बघतो आणि कामाला लागतो. घोडा बुजतो तेव्हा त्याची मान ताठ होते, दोन्ही कान एका दिशेला रोखले जातात, नाकपुड्या फुलतात, आणि काय झालं हे आपल्याला कळायच्या आत तो दोन हात बाजूला उडालेला असतो. त्याला वाटेत पडलेलं सिमेंटचं रिकामं पोतंही पुरतं.

चंद्री ही भीमथडी वळणाची घोडी. उंची जेमतेम 125 सेंटीमीटर, रंग कुमैत, कपाळावर पांढरा चांद. लोणंदजवळच्या आमच्या शेतावर ती एका धनगर कुटुंबाकडून आली. त्यांनी बिऱ्हाड हलवायला पिकअप घेतली होती आणि तट्टं विकायला काढली होती. माझ्या भाचीला घोड्यावर बसायला शिकायचं होतं. लहान चणीचं तट्टू पोरांना सोपं जाईल, असा माझा समज. पहिल्याच आठवड्यात गोठ्याच्या पत्र्यावर पाऊस वाजला आणि चंद्रीनं दावं तोडलं. त्यानंतर महिनाभर अंगावर हात ठेवला तरी तिची कातडी थरथरायची, माशी उडवावी तशी.

भीमा आणि नीरेच्या काठची ही तट्टं. मराठी फौजांनी लांबलांबची मजल मारली ती अशाच काटक, कमी दाणावैरणीवर निभावणाऱ्या दख्खनी घोड्यांवर. आपल्या राज्यगीतातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. आज ती टिकून आहेत ती मुख्यतः मेंढपाळांमुळे. दिवाळीनंतर फलटण-लोणंद भागातले वाडे कोकणाकडे निघतात तेव्हा हंडे, वाकळा, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू असा सगळा संसार तट्टांच्या पाठीवर असतो. शेजारून भरधाव ट्रक जातात, हॉर्न वाजतात, आणि ही तट्टं मान खाली घालून चालत राहतात. मग त्याच रक्ताची चंद्री पत्र्यावरच्या पावसाला का बुजावी? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

त्याचं अर्धं उत्तर घोड्याच्या डोळ्यांत आहे. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांमध्ये घोड्याचा डोळा सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी एक. तो डोक्याच्या बाजूला बसवलेला असल्यामुळे घोड्याला जवळजवळ 350 अंशांचा परिसर एकाच वेळी दिसतो. कपाळाच्या थेट समोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची पट्टी एवढंच त्याला दिसत नाही. म्हणून मागून किंवा नाकासमोरून थेट हात पुढे केला की घोडा चमकतो. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत गेलं की चमकत नाही. त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, निळा आणि पिवळा मात्र स्पष्ट दिसतो. उजेडातून अंधाऱ्या गोठ्यात शिरताना त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा बराच वेळ लागतो. दारात अडून बसलेल्या घोड्याला आपण हट्टी म्हणतो, पण त्या क्षणी त्याला आत काहीच दिसत नसतं. ऐकण्याचंही तसंच. आपले कान साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडतात, घोड्याचे 33,000 च्या पुढे जातात.

अशा जनावराला निसर्गानं शिंगं दिली नाहीत, पाय दिले. शंका आली की आधी पळायचं आणि विचार नंतर करायचा, या एका नियमावर त्याचा वंश तगला. दुसरा नियम कळपाचा. शेजारचा घोडा निवांत चरत असेल तर धोका नाही. शिंगरू आईच्या कुशीला लागून हमरस्त्यानं चालतं तेव्हा ट्रकबद्दलचं आईचं मत त्याचं मत होतं. चंद्रीचा तो कळपच सुटला होता. ज्यांच्याकडे बघून ती निर्धास्त राहायची ती चार तट्टं आणि ती माणसं एका दिवसात नाहीशी झाली, आणि उरले आम्ही, जे तिच्याकडे बघून स्वतःच घाबरत होतो.

उत्तराचा उरलेला भाग नानांनी दाखवला. नाना गावातलेच, सत्तरीपुढचे, आयुष्याची चाळीस वर्षं मेंढरांमागे चाललेले. त्यांनी चंद्रीला आधी नुसतं पाहिलं. मग तिच्या मानेच्या मुळाशी, जिथे ओझ्याचा पुढचा भाग टेकतो तिथे, बोट ठेवलं. कुमैत रंगात तिथे रुपयाएवढे दोन पांढरे डाग होते. ओझ्यानं किंवा खोगिरानं कातडी सोलवटली आणि जखम भरली की पुष्कळदा तिथे पांढरे केस उगवतात. नानांनी मग पुढच्या पायांचे घोटे दाखवले. त्यांवर समोरच्या बाजूला खरचटल्याच्या ताज्या खपल्या होत्या. “ही पडती कुठंतरी, ताई. पर का पडती ते डॉक्टरला इचारा,” ते म्हणाले.

पशुवैद्यांना बोलावलं. दात, पाठ, खूर सगळं तपासून घेतलं. एका दाढेला धार आली होती, ती घासून घेतली. घोडं बुजायला लागलं की सगळ्यात आधी हे करावं, असं मला आता ठामपणे वाटतं. दुखऱ्या पाठीच्या, टोचऱ्या दातांच्या जनावराला धीर शिकवता येत नाही. दुखणं त्याला रोज उलटंच शिकवत असतं. खपल्यांबद्दल डॉक्टर जे म्हणाले ते ऐकून मी गप्प झाले. घोड्याच्या पायांत सांधे अडकवून ठेवण्याची सोय असते, त्यामुळे तो उभ्याउभ्या डुलकी घेऊ शकतो. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. रोज अर्धा-पाऊण तास ती मिळाली तरी त्याचं भागतं. जागा सुरक्षित वाटली नाही तर घोडा दिवसेंदिवस आडवा होतच नाही. मग उभ्यानंच झोपेत जातो, पुढचे गुडघे दुमडतात आणि घोटे जमिनीवर आपटतात. चंद्री आमच्याकडे आल्यापासून झोपलीच नव्हती.

त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली होती, तीही सांगायला हवी. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एकानं सल्ला दिला की तिला झाडाला पक्कं बांधा, आसपास प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकवा, थकेल आणि सोडून देईल. मी तसं केलं. चंद्रीनं अर्धा तास झटापट केली, घामानं निथळली आणि मग खरोखर निश्चल उभी राहिली. मला वाटलं, जमलं. तीन दिवसांनी बांधावर तशीच एक पिशवी उडाली आणि ती कुंपण ओलांडून पळाली.

स्थिर उभं राहणं आणि शांत असणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात. डेन्मार्कमध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण घोड्यांना पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय लावताना वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या होत्या. काही घोड्यांसमोर पिशवी पहिल्यापासून पूर्णपणे आणली, काहींना तिच्यासोबत दाणा दिला, तर काहींना ती अगदी पायरीपायरीनं दाखवली. आधीची पायरी अंगवळणी पडल्याखेरीज पुढची घ्यायची नाही. पायरीपायरीनं शिकलेले घोडे सर्वांत कमी बुजले, त्यांना शिकवणीच्या फेऱ्याही कमी लागल्या, आणि त्या गटातला एकूण एक घोडा अखेरीस पिशवीला सरावला. इतर गटांतले काही शेवटपर्यंत सरावले नाहीत. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यातली आणखी एक नोंद: घोड्यांनी बुजणं थांबवल्यानंतरही काही काळ त्यांच्या हृदयाचे ठोके वर-खाली होत राहिले होते. झाडाला बांधलेली चंद्री बाहेरून दगड झाली होती. आत काय चाललं होतं ते मला दिसलं नव्हतं.

तेव्हा आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. पाठीवर कुणी बसायचं नाही, फक्त जमिनीवरचं काम. मऊ मोरकी आणि साधारण तीन मीटरचा सुती दोर. हा दोर हाताला गुंडाळायचा नाही, घड्या घालून धरायचा, कारण बुजलेला घोडा बोटं घेऊन जातो. आणि दोर सैल ठेवायचा. सांगायला सोपं आहे. भीती वाटली की माणसाची मूठ आपोआप आवळते, आणि ताणलेल्या दोरातून पहिला निरोप जातो तो हाच, की पुढे काहीतरी आहे.

घोडा ओढण्यातून काही शिकत नाही. ओढ नेमकी कधी थांबली यातून शिकतो. तिनं एक पाऊल मागे घ्यावं म्हणून मी मोरकीवर हलका दाब द्यायचे. ती आधी मान वर करायची, मग बाजूला व्हायची, आणि मग कधीतरी पुढच्या पायावरचं वजन मागे सरकायचं. पाऊल नव्हे, नुसतं वजन. त्याच क्षणी दोर सैल. सेकंदभर उशीर झाला तर दाब सुटण्याचा संबंध ती दुसऱ्याच कशाशी जोडणार. पहिले चार दिवस मी उशीरच करत होते. नाना कुंपणाला टेकून बघायचे. “ती कान फिरवती तवाच थांबायचं. पाय उचलल्यावर थांबून काय उपेग?” असं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. हळूहळू मला तिच्या खुणा दिसायला लागल्या. हनुवटी घट्ट होणं, डोळ्यावरची सुरकुती, श्वास रोखणं. बुजण्याच्या किती तरी आधी ती सांगत असते. आपण ऐकलं नाही की तिला ओरडून सांगावं लागतं, आणि घोड्याचं ओरडणं म्हणजे उडी.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच. धीर देण्यासाठी मी तिला पुढे ढकलत होते, आणि धीर आला तो तिचं ‘थांब’ ऐकून घेतल्यावर.

निळ्या ताडपत्रीचा दिवस मला लख्ख आठवतो. निळा रंग तिला चांगला दिसतो, आणि वाऱ्यावर ताडपत्रीचा आवाज म्हणजे तिच्या मते साक्षात मरण. आम्ही ती ताडपत्री तिच्याजवळ नेलीच नाही. भाचीनं ती वहीएवढी घडी करून दोरीला बांधली आणि ओढत पुढे चालत गेली. वीस-पंचवीस पावलं मागून मी आणि चंद्री. समोरून अंगावर येणारी वस्तू शिकारी असते, दूर जाणारी वस्तू मात्र घोड्याला कुतूहलाची वाटते. तिसऱ्या फेरीला चंद्रीचा वेग माझ्याहून जास्त झाला. पाचव्या फेरीला भाची थांबली आणि चंद्री मान लांब करून, मागचे पाय तसेच दूर रोवून, नाकानं ताडपत्री हुंगू लागली. फुर्र केलं, मागे सरली, पुन्हा आली. मी दोर दिला, ओढला नाही. त्या दिवशी तिथेच थांबलो. घडी उलगडून पूर्ण ताडपत्रीवरून चालायला आणखी अकरा दिवस लागले. मग ती ताडपत्री गोठ्याच्या दुसऱ्या बाजूला अंथरली तर चंद्री पुन्हा थबकली. ती विसरली असं मला वाटलं होतं, पण तसं नव्हतं. कोलोरॅडोमध्ये संशोधकांनी घोड्यांना लहान मुलांच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या खेळण्याची सवय लावली आणि मग तेच खेळणं फक्त वळवून ठेवलं. सरावलेले घोडेही त्याला नवी वस्तू समजून बिचकले. म्हणून प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी, दोन-तीन ठिकाणी शिकवावी लागते. दुसऱ्या ठिकाणी मात्र वेळ कमी लागतो.

शाबासकी म्हणून आपण घोड्याच्या मानेवर थापट्या मारतो. ती सवय मी सोडली. घोडे एकमेकांना थापट्या मारत नाहीत. ते समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मानेच्या मुळाशी दातांनी खाजवतात. 1993 साली फ्रान्समधल्या अभ्यासकांनी नेमक्या त्या जागी घोड्यांना हातानं खाजवून पाहिलं, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. चंद्रीच्या बाबतीत पांढऱ्या डागांची ती दुखरी जागाच तिची आवडती निघाली. खरारा करताना बोटं तिथे पोचली की तिचा वरचा ओठ पुढे येऊन हलायला लागायचा.

घोडं माणसाला किती बारकाईनं वाचतं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण जर्मनीतलं. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा टापा मारून गणितं सोडवतो म्हणून प्रसिद्ध होता. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की हान्सला गणित येत नव्हतं. टापांची संख्या बरोबर उत्तरापर्यंत आली की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि हान्स ते टिपून थांबायचा. स्वीडनमध्ये 2009 साली याहून साधा प्रयोग झाला. घोडा धरून चालणाऱ्या आणि घोड्यावर बसलेल्या माणसांना सांगितलं की या चौथ्या फेरीत वाटेत छत्री उघडली जाणार आहे. छत्री कुणी उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्यासोबत घोड्यांचेही.

हे वाचल्यावर मी माझ्याकडे बघायला लागले. ट्रॅक्टर वळणावर दिसला की माझे खांदे वर जायचे, श्वास अडायचा, मग चंद्रीचे कान उभे राहायचे. ट्रॅक्टरला ती बुजत होती की मला? ‘शांत हो’ असं स्वतःला बजावून काही होत नाही. मी अभंग गुणगुणायला लागले. गुणगुणताना श्वास रोखता येत नाही, एवढाच त्यातला उपाय. आमच्या आळीतल्या बायकांना मी फारच भाविक झाल्याचं वाटलं असणार, पण ट्रॅक्टर जाताना चंद्रीचा एक कान माझ्याकडे वळायला लागला.

यातलं फार थोडं नवं आहे. ग्रीक सेनानी झेनोफन यानं ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. घोड्याजवळ रागात जाऊ नये, तो एखाद्या वस्तूला भ्याला तर आधी आपण तिला हात लावून दाखवावा आणि त्याला हळुवार जवळ न्यावं, मारून नेलं तर ती वस्तू आणि वेदना यांची तो सांगड घालतो, असा सल्ला त्यानं दिला आहे. तरी आजही बाजारात बुजलेल्या तट्टाच्या पाठीत काठी बसताना दिसते, आणि मला ते पाहवत नाही.

स्वारीला तिसऱ्या महिन्यात सुरुवात झाली. नवं, तिच्या पाठीच्या मापाचं खोगीर आणलं. ते आधी हुंगू दिलं, मग नुसतं पाठीवर ठेवलं आणि काढलं. तंग एकदम आवळला नाही. एक भोक, दोन पावलं, मग पुढचं भोक. भाची ओट्यावरून तिच्या पाठीवर आडवी पडायची आणि उतरायची. डोक्यावर हेल्मेट पहिल्या दिवसापासून, त्याला अपवाद नाही. ओट्याशी चंद्री सरकली तर त्या दिवशी बसायचं नाही, हा नियम भाचीनंच केला. चौदा वर्षांच्या मुलीला तो पाळणं किती अवघड गेलं ते मी पाहिलंय.

पहिल्या रपेटी नानांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या घोडीमागून झाल्या. शांत, सरावलेला सोबती असेल तर नवखा घोडा कमी घाबरतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे, पण धनगरांना ते कुणी सांगायला नको. मी भाचीला एकच गोष्ट घोकायला लावली होती: घोडी बुजली की दोन्ही लगाम ओढून टाचा घट्ट करायच्या नाहीत. टाच पळ म्हणते, लगाम थांब म्हणतो, आणि मध्ये सापडलेलं जनावर वेडंपिसं होतं. त्याऐवजी एका बाजूचा लगाम हळू उघडून वळवायचं, मोठ्या गोलात चालवायचं. भीतीच्या वस्तूवर थेट चाल करायची नाही. मान जराशी दुसरीकडे वळवून, तिरकं जायचं. थांबून बघू द्यायचं आणि ती निवांत असतानाच तिथून निघायचं. दुडकी कितीतरी नंतर आली. चौखूर धावणं अजून आलेलं नाही, आणि कुणाला घाईही नाही.

आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघते तेव्हा वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. रिंगणात धावणारे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून दरवर्षी चालत आळंदीला येतात. यंदा मी रिंगण वेगळ्या नजरेनं पाहिलं. दोन्ही बाजूंना भिंतीसारखी माणसं, टाळ-मृदंगाचा कल्लोळ, पताका फडफडताहेत, आणि त्या अरुंद वाटेतून पाठीवर स्वार नसलेला माउलींचा अश्व धावत येतो. पूर्वी मला त्यात फक्त वेग दिसायचा. या वेळी त्याचे कान दिसले. ते मागे पाडलेले नव्हते, ताठ रोखलेलेही नव्हते. दोन्ही कान सैलपणे इकडेतिकडे फिरत होते. अंकलीपासून इथवरच्या प्रत्येक गावी त्यानं गर्दी पाहिली असेल, रोज थोडी आणखी. माझ्या शेजारची एक म्हातारी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावत होती.

रिंगणानंतर आठवडाभर पाऊस लागला होता. एका पहाटे मी गोठ्यात गेले. पत्रा वाजत होता. चंद्री उभी होती, पण तिच्या डाव्या कुशीवर खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत ओली माती माखलेली होती आणि आयाळीत कडब्याच्या दोन काड्या अडकल्या होत्या. मी वाकून तिचे पुढचे घोटे चाचपले. खपल्या गळून तिथे नवे केस आले होते. काड्या काढायला हात वर केला तेव्हा तिनं मान खाली केली आणि जांभई दिली.